रुख्मा एकटीच मंडईला निघाली

नवेगाव बांधच्या रुख्माबाईला स्वतःची फजिती सांगायला फार आवडायचं. इतर बायका माहेरचा मोठेपणा सांगत, लेकाचं कौतुक सांगत. रुख्मा मात्र मांडी घालून बसायची आणि आपण कुठे कसे तोंडावर पडलो ते रंगवून सांगायची. त्यातली सगळ्यात जास्त मागणी असलेली गोष्ट मंडईची. स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तेव्हाची.

दिवाळी झाली की त्या भागात गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. ज्या गावची मंडई, तिथल्या लेकी माहेरी येतात. दिवसभर दुकानं, पाहुणे, आणि रात्रभर दंडारीचा नाचगाण्याचा खेळ. रुख्माचं माहेर बोदलकसाच्या तलावाजवळ. लग्नानंतर तिने मंडई कधी सोडली नव्हती, पण मागच्या दोन चुकल्या. एकदा जमुना पोटात होती आणि एकदा अंगावर. आता जमुना घरभर दुडदुडत होती, भांडी पाडत होती, कोंबड्यांच्या मागे लागत होती. तेव्हा यंदा जायचंच, असं रुख्माने दसऱ्यापासून ठरवलं होतं.

पण तिचा नवरा बकाराम अडून बसला. उशिरा पिकणारा भारी धान कापायला आला होता.

"चार दिस थांब," तो म्हणाला. "मंग सोडून देतो."

"चार दिसानं तिथं काय पाहू? दुकानाचे खुंटे? कापणीले बैल लागत नाही. भारे वाहाच्या आधी आणून देतो तुमचे बैल."

"अन् हाकलन कोण?"

"मी हाकलतो."

बकाराम तसा कमी बोलणारा आणि त्याहून कमी हसणारा माणूस. त्या दिवशी मात्र तो हसला. "बैलाले तुही बोली नाही समजत," एवढंच म्हणाला आणि विळा घेऊन धानाच्या बांधीत गेला.

तो हसला नसता तर रुख्मा कदाचित थांबलीही असती. लहानपणी तिने बापाची गाडी हाकली होती, ती घरापासून गावालगत खारीतल्या शेतापर्यंत, आणि तेव्हाही पुढे बाप चालत होता. तेवढ्या भांडवलावर तिने दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत हलकी बैलगाडी, रेंगी, जुंपली. खाली धानाचं तणीस पसरलं, वर चटई टाकली, करंज्यांचा डबा ठेवला, जमुनाची झबली, पितळेचा गडवा, वाटेत खायला मुरमुरे, असं सगळं मागे नीट रचलं. जमुनाच्या कमरेला लुगड्याची चिंधी बांधून तिचं दुसरं टोक गाडीच्या दांडीला बांधलं. पोरगी पडायला नको, एवढी अक्कल तिला होती.

शेजारची सुमित्राबाई दारात आली. "काऊन वो रुख्मा, एकटीच जाऊन राहिली? लेकरू घेऊन?"

"लेकरू तं गाडी हलली का झोपते," रुख्मा म्हणाली. "त्यात काय आहे?"

'त्यात काय आहे' हे शब्द रुख्मा पुढे गोष्ट सांगताना मुद्दाम सावकाश म्हणायची, म्हणजे बायकांना हसायला वेळ मिळे.

जमुना झोपली नाही. गाडी हलल्यावर तिचे डोळे आणखी मोठे झाले. पहिला कोसभर ती रडली. मग एकाएकी गप्प झाली. रुख्माला वाटलं, चला, रमली. मागे वळून पाहावं म्हटलं तर डावा बैल रस्ता सोडून शेताच्या धुऱ्यावरचं गवत खायला जाई. त्याला आवरता आवरता तिचे हात भरून आले होते. बैलांना तिची बोली खरंच समजत नव्हती. म्हणून ती बोलीवरून शिव्यांवर आली. "सरक ना रे मुडद्या," हे तिचं त्या दिवशीचं पालुपद झालं. ती शिवी डाव्या बैलाला होती, पण त्यातली थोडी घरी राहिलेल्या बकारामलाही होती.

बरंच पुढे गेल्यावर मागून हाक आली. वळून पाहते तर एक म्हातारा हातात काठी घेऊन गाडीमागे येत होता आणि ओरडत होता. "थांब वो बाई. थांब."

रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडी. माणूस नाही, काणूस नाही. अंगावर सणासुदीची चांदी, गाडीत एवढीशी पोर. आणि एकट्या बाईला पाहून थांब म्हणणारा माणूस कशाच्या मागे असतो हे काय कुणी सांगायला पाहिजे? रुख्माने टोकदार काठी, म्हणजे तुतारी, उचलली आणि बैलांना टोचली. एवढा वेळ न सरकणारे बैल असे उधळले, की तिची चटई, तणीस आणि ती स्वतः, तिन्ही एका कोपऱ्यात गोळा झाली. जमुना पहिल्यांदा खदखदून हसली.

म्हातारा मागे पडला. बैल दमून चालीवर आले की झाडीतून पुन्हा तो दिसायचा. पुन्हा हाक, पुन्हा तुतारी. असं तिने त्याला कोहमाऱ्यापर्यंत पळवलं. तिथे रायपूर-नागपूरचा मोठा रस्ता लागतो. ट्रक थांबतात, चहाची टपरी होती, माणसं होती. रुख्मा टपरीसमोर उतरली आणि मोठ्याने म्हणाली, "भाऊ, माह्या मागं चोर लागला."

टपरीवाला हिंदी बोलणारा. "कहाँ है?" म्हणून तो फडकं टाकून उठला. दोन ट्रकवालेही उठले. तेवढ्यात म्हातारा आला. धापा टाकत होता. त्याच्या खांद्यावर जमुनाची झबली होती, एका हातात गडवा, दुसऱ्या हातात करंज्यांचा डबा आणि काखेत रुख्माची एक चप्पल.

त्याने सगळं एकेक करून तिच्या पायापाशी ठेवलं. "तुही पोरगी एकेक वस्तू खाली फेकून राहिली," तो म्हणाला. "मी म्हटलं, बाईले सांगावं. तं तू पळाली. मी बी पळालो."

रुख्माने गाडीत पाहिलं. मागे फक्त चटई आणि तणीस उरलं होतं, आणि जमुना ते तणीसही मूठ-मूठ करून रस्त्यावर टाकत होती.

ट्रकवाले हसून हसून खाली बसले. रुख्माला वाटलं, आत्ता या धरणीने आपल्याला बैलांसकट पोटात घ्यावं. तिने म्हाताऱ्याला चहा पाजला. त्याचं नाव कवडू. पलीकडच्या गावात लेकीकडे निघालेला. करंज्यांचा डबा तिने उघडला, तर आत तळाशी थोडा चुरा.

"त्या मी खाल्लो," कवडू सरळ म्हणाला. "एवढा पळाच्या माह्या वयात सवय नाही. भूक लागली."

जाताना त्याने चिंधीची गाठ सोडली आणि जमुनाला उचलून पुढे ठेवलं. "लेकराले समोर बसव, बाई. मागं बसवलं तं ते आपलं काम करन, तू आपलं."

मग जमुना रुख्माच्या मांडीवर बसली, कासऱ्याचं टोक मुठीत धरून. पुढे मुरदोलीचं जंगल लागलं. कुठे पान वाजलं तरी रुख्माला वाघच दिसायचा. जमुना मात्र खूश. पोरीच्या भाराने रुख्माची मांडी बधिर झाली, लुगडं ओलं झालं, आणि बैल आता कुणाच्याही सांगण्याशिवाय नीट चालू लागले. गाडी आपण हाकत नसून आपण फक्त गाडीत बसलो आहोत, हे तिला तिथे कळलं.

दिवेलागणीला गोरेगावच्या अलीकडे एका वाडीत तिने गाडी सोडली. घर सुशिलाबाईंचं, ओळख ना पाळख. पण त्या पोवारी बोली बोलणाऱ्या बाईने पाणी दिलं, बैलांना वैरण टाकली, आणि दिवसभर घास न घेतलेल्या जमुनाला मांडीवर घेऊन पोटभर भात भरवला.

"इतकी लांबून एकटीच आलीस?" त्यांनी मराठीत विचारलं.

रुख्मा कोहमाऱ्याचं सगळं विसरली. "हो. त्यात काय आहे?"

तेवढ्यात सुशिलाबाईंचे सासरे, भारदस्त माणूस, मिशी पांढरी, बाहेरून आले आणि ओसरीवरून आत जाऊ लागले. जमुना दारात उभी होती. तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि स्वच्छ म्हणाली, "सलक ना ले मुद्द्या."

जमुना त्याआधी आई आणि भू एवढंच बोलायची. रुख्मा पोरीला उचलून पायावर पडायला गेली. सासऱ्यांनी खाली वाकून पाहिलं, "बरं बाई," म्हणाले आणि खरंच बाजूला सरकले.

दुसऱ्या दिवशी ती माहेरी पोचली तेव्हा उन्हं उतरली होती आणि मंडई ऐन भरात होती. बांगड्यांची दुकानं, जिलेबीचा वास, चुलत्या, मावश्या, लहानपणच्या मैत्रिणी. आई ओवाळायला आली. भाऊ मनिराम म्हणाला, "दंडारीले पुढची जागा धरून ठेवली तुह्यासाठी."

"जमुनाले जरा झोपवतो अन् आलोच," रुख्मा म्हणाली.

दोन दिवस धड न झोपलेली जमुना आजीच्या अंथरुणावर टेकताच झोपली. तिला थोपटायला रुख्मा आडवी झाली.

ती उठली ती कोंबड्यांच्या आवाजाने. बाहेर आली तर दुकानदार बांबूचे तट्टे गुंडाळत होते, दंडारीतले गडी अंगणात चहा पीत होते, आणि गाव डोळे चोळत घरी जात होतं.

"उठवलं काऊन नाही?" तिने मनिरामला विचारलं.

"उठवलं ना. तू मले मुडद्या म्हटली."

परतीला मनिराम गाडी हाकायला येतो म्हणाला. रुख्माने त्याचं वाक्य पुरतं होऊही दिलं नाही. "चाल," म्हणाली आणि जमुनाला घेऊन मागे बसली. पण गोरेगाव सुटल्यावर तिला राहवेना. भाऊ डाव्या बैलाला उगाच मारत होता. तिने कासरा मागून घेतला, आणि नवेगावपर्यंत भाऊ मागे झोपून आला.

घरी बकारामने आधी बैलांच्या मानेवरून हात फिरवला. मग विचारलं, "कशी झाली मंडई?"

"मी नाही पाह्यली. झोपलो होतो."

तो बैल घेऊन गोठ्याकडे गेला. पण दुसऱ्या दिवशी तलावाच्या पाळीवर चार माणसांत म्हणाला, आमच्या घरची बोदलकसापर्यंत गाडी हाकते. ते बायकांच्या कानावर आलं आणि सुमित्राबाई धावत विचारायला आली. रुख्माला ते कौतुक अंगावर ओझ्यासारखं झालं. तिने पदर खोचला, मांडी घातली आणि कवडूपासून सुरुवात केली. बायका हसून लोळल्या.

हसणं थांबल्यावर सुमित्राबाई डोळे पुसत म्हणाली, "पुढल्या मंडईले मले बी नेशील काय? माहं बी माहेर त्याच वाटेवर आहे."

"नेतो," रुख्मा म्हणाली. "पण तुही लेकरं तू पाह्यजो."