भल्या माणसांची पेटी

“काहून नाई घेणार? घ्यावंच लागते! हा कागद बोलते, वकीलबाई, बोलते हा!”

मामाजी ओरडत होते, आणि त्या आवाजानं वकीलबाईंच्या डोक्यावरचा पंखा दोन मिनिटं उलटा फिरला, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मामाजींच्या हातात चार बोटं लांबीची एक पावती होती. काटोलला ट्रक-टेम्पो तोलतात त्या धर्मकाट्याची. तीवर गाडीचा नंबर होता, तारीख होती, संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं ही वेळ होती आणि खाली निळ्या बॉलपेननं ड्रायव्हरची सही होती. ड्रायव्हर म्हणजे मामाजींचा एकुलता एक पोरगा, नितीन. त्याच तारखेला, त्याच वेळेला, साठेक किलोमीटर अलीकडे नागपुरात सक्करदऱ्याच्या तलावाजवळ एका माणसाचं डोकं फोडल्याबद्दल नितीनला सात वर्षांची शिक्षा झाली होती.

वकीलबाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “काका, कागद बोलतो हे खरं. पण खटला चालला तेव्हा हा गप्प का होता, असं न्यायाधीश विचारतील. अपिलात नवा पुरावा असा सहज घेत नाहीत. सबळ कारण लागतं.”

मामाजी खुर्चीत बसले. इतका मोठा आवाज इतक्या लहान माणसात मावतो कसा, हे कोडं मला लग्नापासून आहे. “कारण हाय,” ते म्हणाले, “पण सांगाले शरम वाटते.”

माझ्या बायकोचे हे मामा. कागद जपणारा असा माणूस पृथ्वीवर दुसरा झाला नाही, आणि झाला असेल तर त्याच्या जन्माचा दाखला मामाजींकडे सापडेल. एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये त्यांनी उभी हयात काढली. “कागदाचे तीन दुश्मन, जवाईबापू,” ते मला सांगत, “उंदीर, पाणी आन साहेब.” निवृत्त झाल्यावर साहेब सुटला, उंदरांसाठी त्यांनी लोखंडी पेट्या घेतल्या आणि पाण्यासाठी लॅमिनेशन. त्यांनी रेशनकार्ड लॅमिनेट केलं, विजेची बिलं केली, अंगणातल्या कडुनिंबाचं पान केलं. आमच्या लग्नात आहेर म्हणून त्यांनी आम्हाला आमचीच पत्रिका लॅमिनेट करून दिली. बायको अजून म्हणते, या संसारातली तेवढीच एक वस्तू पाण्यात टिकेल. मामी गेल्या त्या आठवड्यातली डॉक्टरची चिठ्ठीही त्यांनी तशीच गोठवून देव्हाऱ्यात ठेवली आहे, दिवसातून तीन गोळ्या, जेवणानंतर.

त्यांच्या घराचा एक नियम होता. बाहेरून येणाऱ्यानं ओसरीत उभं राहून खिसे रिकामे करायचे. जावई असो की मंत्री, सुटका नाही. तिकीट, पावती, चॉकलेटचा कागद, सगळं मामाजींच्या हाती. मग ते एकच प्रश्न विचारत, “देणारा कसा होता?” कारण त्यांच्या एकोणीस पेट्या तारखेनुसार किंवा विषयानुसार लावलेल्या नव्हत्या. नऊ पेट्यांवर ‘भले’ लिहिलं होतं आणि दहांवर ‘बदमाश’. कागद देणारा माणूस त्या दिवशी जसा वागला, त्या पेटीत कागद गेला. “तारीख काय, कॅलेंडरातही भेटते,” ते म्हणत. “माणूस कसा होता ते कोठं लिहून राहते?”

नितीनला पकडल्यावर पोलीस झडतीला आले, तेव्हा तिसऱ्या पेटीलाच त्यांना धाप लागली. पाचव्या पेटीत एका म्हाताऱ्या हवालदाराला त्यानं स्वतः तरुणपणी फाडलेली, बिनादिव्याच्या सायकलीच्या दंडाची पावती सापडली. त्यानं पेटीवरचं नाव वाचलं. मग मामाजींना बाजूला घेऊन म्हणाला, “काका, हे तेवढं भल्याच्या पेटीत टाकता का जी?” मामाजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, “विचार करून सांगतो.”

आणि शरम वाटावी असं कारण ते हेच. नितीन पहिल्या दिवसापासून सांगत होता, मी काटोलला होतो, संत्र्याचा टेम्पो तोलून राहिलो होतो, पावती घरी हाय. व्यापाऱ्यानं आठवत नाही म्हणून हात वर केले. धर्मकाटा बंद पडून त्याचा कॉम्प्युटर भंगारात गेला होता. उरली ती पावती. काटेवाला म्हणजे एक नंबरचा लुच्चा, दर खेपेला वजनात खोट काढणारा, त्यामुळे मामाजी बदमाशांच्या दहा पेट्या उपसत बसले. साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या, निकाल लागला, पोरगा आत गेला, तरी ते दहाच पेट्या पुन्हा पुन्हा उपसत होते. शेवटी एका दुपारी त्यांना आठवलं. त्या दिवशी नितीन घरी आल्यावर हसत म्हणाला होता, “बाबा, आज काटेवाल्यानं चहा पाजला गा.” मामाजी भल्यांच्या पेटीकडे गेले आणि पावती वरच होती.

वकीलबाई प्रतिज्ञापत्र लिहू लागल्या आणि त्यांचं पेन थांबलं. “काका, हे मी कोर्टाला कसं सांगू?”

“जसं हाय तसं सांगा. एका कप चहापायी माह्या हातून चूक झाली.”

बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाल्या, “लिहिते. उद्या अर्ज दाखल करू. अस्सल पावती घेऊन या. जशी आहे तशी.”

दुसऱ्या दिवशी मी त्यांना स्कूटरवर घेऊन गेलो. वाटेत ते दोनदा म्हणाले, अक्षरं उडून राहिली जवाईबापू, काल यापेक्षा ठळक होती. मी हो म्हणालो. कोर्टासमोर उतरून मी टपरीवर चहा घ्यायला थांबलो. आजवर मी ज्या थापा मारल्या त्या सगळ्या मला माफ असतील, पण तो चहा नाही. कारण टपरीला लागूनच झेरॉक्सचं दुकान होतं, मामाजी तिथलं जुनं गिऱ्हाईक, लॅमिनेशनचं मशीन स्वतः चालवायची त्यांना मुभा. आयुष्यभर त्यांनी शाईचे कागद जपले. ही पावती शाईची नव्हती, एटीएमच्या चिठ्ठीसारखी उष्णतेनं छापलेली होती. तो कागद गरम झाला की उमटतो, आणि फार गरम झाला की सगळाच उमटतो. “अहो काका, तो नका घालू!” असं दुकानदार ओरडला, तोवर मशीननं पावती पलीकडे काढलीही होती. चकचकीत, सरळ, चारी बाजूंनी बंद. आणि काळी कुळकुळीत.

मामाजी ओरडले नाहीत. मी त्यांना पहिल्यांदाच न ओरडता पाहत होतो. त्यांनी पावती उलटी केली, परत सुलटी केली, सदऱ्याला पुसली. “साहेबाच्या हातात चुरगळलेला कागद काहून द्यावा,” एवढंच म्हणाले.

वकीलबाईंनी अर्ज तरीही केला, आणि त्यात भले-बदमाश सगळं लिहिलं. न्यायाधीशांनीही ती पावती खिडकीच्या उजेडात तिरपी धरून बराच वेळ पाहिली. मी काही त्यांना दोष देत नाही. बॉलपेन दाबून केलेली सही तेवढी तिरप्या उजेडात चमकत होती. वेळ नव्हती, तारीख नव्हती, नंबर नव्हता. अर्ज नामंजूर झाला. अपील बाकीच्या मुद्द्यांवर चालणार आहे, पुढची तारीख पडली आहे. वकीलबाई जिन्यात म्हणाल्या, अजून सगळं संपलेलं नाही, काका. मामाजींनी मान हलवली.

पावती परत मिळाली तेव्हा त्यांनी ती बदमाशांच्या पेटीत टाकली. मी म्हटलं, “मामाजी, काटेवाल्यानं तर त्या दिवशी चहा पाजला होता.”

“काटेवाल्याची पावती पांढरी होती,” ते म्हणाले. “ही मी दिलेली हाय.”

हल्ली त्यांच्याकडे गेलं की मी सवयीनं ओसरीत खिसे रिकामे करतो. ते कागद घेतात, पण देणारा कसा होता ते विचारत नाहीत. कागद तिथंच पायरीवर ठेवतात आणि ते वाऱ्यानं घराजवळच्या त्याच तलावाकडे जातात.

गेल्या महिन्यात नितीनच्या मुलाखतीला मी त्यांच्यासोबत तुरुंगात गेलो. मामाजींनी ती काळी पावती पेटीतून काढून सोबत घेतली होती. शिपायानं ती उलटीपालटी करून आत नेऊ दिली, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतंच. काचेच्या पलीकडे नितीन बसला होता, दाढी वाढलेली, खांदे उतरलेले. मामाजींनी ती काळी पट्टी काचेला टेकवली, ट्यूबलाइटकडे तिरपी केली, आणखी तिरपी केली, आणि फोनमध्ये म्हणाले, “पाह्य बरं पोरा, दिसते का? सही दिसते का तुले?”

नितीननं काचेला कपाळ टेकवून पाहिलं.

“माझीच हाय,” तो म्हणाला.