गोळाभातावरचं तेल

घरात मी पाण्याचा पेलाही हातानं घेत नसे. पण गोळाभात झाला की तेल वाढायचं काम माझं. डाळीचे गोळे भातात शिजवायचे आणि पानात घेतल्यावर त्यावर कडकडीत फोडणीचं तेल पळीनं ओतायचं. ते तेल नसेल तर गोळाभात घशाखाली उतरत नाही, हे आमच्या दिग्रसकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. मी पळी घेऊन बसायचो. धाकट्या मुलीला दोन पळ्या, मोठीला अर्धी, बायकोला काहीच नाही.

कारण उघड होतं. बायको अंगानं भरलेली, मोठी तिच्यासारखीच. धाकटी माझ्यासारखी काडी. "माही पोरगी माह्यावर गेली," असं मी चारचौघांत सांगायचो, आणि मोठी तिथंच उभी असायची. बायको तरी किती खायची? सगळ्यांची पानं उठल्यावर उरलंसुरलं. ते मला दिसत होतं, तरी मी म्हणायचो, "हवा खाऊन कोनी जाड होते का वं? चोरून खात असशील."

"हाव, रोज कोठीत बसून लाडूच खातो मी," ती म्हणायची आणि ताटं घासायला घ्यायची.

मी त्या काळी एका जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, ग्रेडर होतो; आलेल्या कापसाची प्रत ठरवायचो. कापसाची ती वाईट वर्षं होती. बोंडअळीनं बोंडं पोखरलेली, भाव पडलेला, फाटकाबाहेर गाड्यांची रांग आणि खरेदी कधी चालू तर कधी बंद. माणूस अडला की गाडीत तळाला भिजका कापूस आणि किडकी, पिवळी कवडी भरतो, वर पांढराशुभ्र थर देतो. म्हणून ग्रेडरनं वरचा कापूस पाहायचाच नसतो. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळाचा मूठभर ओढून काढायचा, धागा ताणून पाहायचा, मग बोलायचं. मी त्यात पक्का होतो. लोक मला शिव्या द्यायचे, पण माझी ग्रेड चुकली असं कोणी म्हणत नसे.

अशाच एका हंगामात बायकोच्या छातीत कळ आली. मी तिला एसटीनं यवतमाळला नेलं. सोबतीला धाकटी होती. डॉक्टर बाई होत्या, वयानं माझ्यापेक्षा बऱ्याच लहान. त्यांनी बायकोचं रक्त काढायला लावलं. दुपारी कागद आला तेव्हा म्हणाल्या, "रक्तात कोलेस्टेरॉल फार आहे. गोळी कायम घ्यावी लागेल."

मी लगेच म्हणालो, "डॉक्टरीनबाई, तेल बंदच आहे तिचं. मी सोता वाढतो."

"बंद करून किती वर्षं झाली?"

"लय वर्सं."

"मग तेलानं झालं नाही हे." त्यांनी बायकोकडे वळून विचारलं, "माहेरी कोणी छातीच्या दुखण्यानं गेलं का?"

बायको म्हणाली, "माहा बाप. पेरनी करता करता बसला तो उठलाच नाई. पन तो तं लय पतला होता."

बाईंनी मग समजावून सांगितलं. अंग जाड होणं ही एक गोष्ट आणि रक्तात चरबी साठणं दुसरी. दोन्हींत आईबापांकडून आलेल्या जनुकांचा वाटा असतो, पण दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून येतात असं नाही. जाडेपणात बारीक बारीक फरक पुष्कळ असतात, ते सगळे जुळले की एकीचं अंग धरतं, दुसरीचं तेच खाऊन धरत नाही. रक्तातली चरबी मात्र काही घराण्यांत एकाच मोठ्या फरकानं येते, आणि ती बारीक माणसालाही सोडत नाही. खाण्याचा परिणाम होतो, पण सगळा दोष ताटावर घालू नका, असं त्या म्हणाल्या.

बोलता बोलता त्या धाकटीकडे पाहत होत्या. तिच्या डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्याशी, पापणीवर, पिवळसर ठिपके होते. आम्ही त्यांना कौतुकानं हळदीचे डाग म्हणायचो. बाई म्हणाल्या, "हे ठिपके रक्तातल्या चरबीचे असू शकतात. हिचंही रक्त आजच काढू या."

मी म्हणालो, "तिचं कायले? काडी आहे ते."

हे मी मोठ्यानं बोललो. मनात दुसरंच होतं. धाकटीसाठी पुसदचं स्थळ आलेलं होतं. पोरीचं रक्त तपासलं ही बातमी आम्ही दिग्रसच्या स्टँडवर उतरायच्या आधी पुसदला पोचली असती. मी म्हणालो, बस सुटेल. आणि दोघींना घेऊन निघालो.

घरी आल्यावर बायकोनं गोळ्यांची पुडी फळीवर ठेवली. रात्री जेवण झालं तरी पुडी तशीच. दुसऱ्या दिवशीही तशीच.

"गोळी काहून नाई घेऊन राह्यली?"

"पोरीचं रक्त तपासा. मंग घेईन."

"अवं, तुह्या जिवाचं आहे!"

"माह्या बापाच्या जिवाचंही होतं. त्याले कोनी सांगतलं नाई. पोरीले सांगनारी भेटली, तं तुमी बस पकडली."

मी रागावलो, समजूत घातली, तिच्या भावाला बोलावलं. ती ऐकून घ्यायची आणि भाकर थापत राहायची. जिनिंगमध्ये माझं लक्ष लागेना. एका गाडीत हात घातला आणि तळाचा ओला कापूस मुठीत आला, तेव्हा मी हात तसाच आत ठेवून थोडा वेळ उभा राहिलो. गाडीवाला घाबरून म्हणाला, "काय झालं जी? साप आहे काय?"

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही मुलींना घेऊन यवतमाळला गेलो. मोठीचंही रक्त काढा, असं मीच म्हणालो, कारण तिचं तर नक्कीच वाईट निघणार अशी माझी खात्री होती.

मोठीचं रक्त स्वच्छ निघालं. धाकटीचं आईसारखंच होतं.

त्या संध्याकाळी बायकोनं फळीवरची पुडी काढली, एक गोळी आपण घेतली आणि एक धाकटीसाठी आणलेली तिच्या तळहातावर ठेवली. पुसदचे लोक बैठकीला आले तेव्हा तिनंच त्यांना सगळं सांगितलं, आणि वर म्हणाली, "आमच्या ह्यायनं वेळेवर नेलं म्हनून समजलं." मुलाची आई म्हणाली, "गोळीच घ्याची आहे नं? माही बीपीची चालूच आहे. दोघी संगं घेऊ."

लग्न झालं. आणि तेव्हापासून आमच्या नातेवाइकांत ही गोष्ट तशीच चालत आली आहे, की बाबा हुशार, बाबांनी पोरीचा आजार वेळेत ओळखला. जावई तर दर दिवाळीला सांगतो. मी मिशीत हसायचो. बायको समोर असली तर ती पदर सारखा करायची.

परवा सगळे जमले होते. गोळाभात होता. धाकटी आता पन्नाशीकडे आली, धडधाकट आहे. तिचा मुलगाही तपासून झाला. जावयानं पानावर बसता बसता पुन्हा सुरू केलं, "बाबा नसते तं..."

"मी तिले डॉक्टरसमोरून उठवून आनलं होतं," मी म्हणालो. "स्थळ मोडते म्हनून. हिनं सोताची गोळी घ्याले नाई म्हनलं, तवा मी नेलं."

सगळे बायकोकडे पाहू लागले. ती म्हणाली, "एवढी वर्सं ठेवलं झाकून, तं आता पानावर कायले काढलं? भात थंडा होऊन राह्यला."

जावई हसला. धाकटी आईच्या मांडीला टेकून बसली होती, तिनं आईचा हात धरला. मी पळी घेतली तेव्हा मोठीनं आपलं ताट पुढं केलं.

"बाबा, तिचं रक्त, तिची गोळी, सारं सांगतलं. माह्या अर्ध्या पळीचं काय?"

तिच्या आवाजात थट्टा होती, पण सगळी थट्टा नव्हती. मी म्हणालो, "चुकलो बाई. वरून पाहून ग्रेड देल्ली."

"मंग वाढा आता."

मी भरून पळी ओतली. दुसरी भरली तशी तिनं ताट मागं ओढलं. "बस, बस. मले कुठं एवढं लागते? लहानपनीबी एकच लागत होती."

ती दुसरी पळी मी हातात धरून होतो. बायकोनं धाकटीचा हात सोडला, आपलं ताट माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाली, "आना इकडं. अर्धीच टाका, डॉक्टरीननं तेवढी देल्ली आहे."