हाकेचा रकाना

श्रमदानाच्या स्वयंसेवकांना तातडीने बोलावता यावे, यासाठी आम्ही दोघांनी एक वही आखली. ते पंचायतीचे कारकून, मी शाळामास्तर. प्रत्येक नावापुढे मी एक रकाना सुचवला: ‘हाक कोण मारील’. ज्याचे घर सर्वांत जवळ, त्याने हाक मारायची, असा नियम ठरला.

प्रत्येक नोंद ते घसा साफ करून, कचेरीतल्या शुद्ध भाषेत मोठ्याने वाचत आणि मगच टीपकागद दाबत. स्वतःच्या नावाशी मात्र टाक थांबला. त्यांच्या अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे चुलतभावाचे घर होते आणि एका फणसावरून दोघांचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते.

“दुसऱ्या कोणाचे नाव घाला,” मी म्हटले.

“नाय गुरुजी, नियम सगळ्यांका एकच.” त्यांनी चुलतभावाचेच नाव लिहिले.

पुढे उधाणाच्या एका सकाळी खाडीचा बांध खचू लागला. खारे पाणी शेतांत शिरण्याच्या बेतात होते. वहीप्रमाणे मी त्या चुलतभावाला हाक मारली. तो फावडे घेऊन निघाला आणि गडग्यापाशी घुटमळला. पलीकडच्या अंगणात कारकून घमेले घेऊन तयार उभे होते. माझी हाक त्यांनीही ऐकली असणार; पण ते जागचे हलले नाहीत.

“काय रे कारकुना, निजलंस काय? बांध जाता मरे!” चुलतभाऊ अखेर ओरडला.

“इलंय रे, इलंय!” घसा साफ न करताच ते म्हणाले. घमेले त्यांनी गडग्यावरून आधी त्याच्या हातात दिले आणि मग स्वतः चढून पलीकडे उतरले.