रेघ दिसत नाही

आमच्या चाळीत सगळ्यांचा समज असा, की वीज कोळशातून निघते. घाटकोपरला दिवा जरा मिणमिणला की समोरच्या खोलीतला शिंपी गॅलरीतूनच ओरडायचा, "काय रे, आज कोळसा कमी टाकलास काय?" मी हसायचो. खाडीकाठच्या त्या पॉवर हाउसात मी कोळशाला कधी हातही लावला नव्हता. माझी नोकरी पाणी बघण्याची होती.

कोळसा लागतो, नाही असं नाही. तो दळून पिठासारखा करतात आणि हवेच्या झोतानं भट्टीत फुंकतात. पण भट्टीच्या चारी भिंतींना नळ्या असतात आणि नळ्यांत पाणी. त्या पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइनची पाती फिरवते, त्याच दांड्यावर जनित्र फिरतं, तेव्हा कुठे शिंप्याचा दिवा लागतो. वापरलेली वाफ खाडीच्या पाण्यानं थंड करून तिचं पुन्हा पाणी करायचं आणि परत वर पाठवायचं. बॉयलरच्या डोक्यावर पोलादाचा एक आडवा ड्रम असतो. त्यात पाणी निम्म्यावर राहिलं पाहिजे. जास्त झालं तर वाफेबरोबर टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतं. कमी झालं तर नळ्या कोरड्या पडतात आणि जळतात.

ड्रमला काचेची एक उभी नळी जोडलेली असे. तिच्यात पाण्याची रेघ दिसायची. मी त्या मजल्यावर उभा राहून ती बघायचो आणि फोनवरून खाली सांगायचो. उकाडा असा, की लोखंडी कठड्याला हात लावायची सोय नव्हती.

त्या काचेची एक खोड होती. ती काठोकाठ भरली तरी रेघ दिसत नाही आणि पार रिकामी झाली तरी दिसत नाही. दोन्ही वेळी काच सारखीच दिसते. म्हणून ब्लो मारायचा, म्हणजे काचेखालचा कॉक उघडून आतलं सगळं बाहेर सोडायचं आणि कॉक बंद केल्यावर पाणी कुठवर परत येतं ते बघायचं. कानठळ्या बसवणारा आवाज यायचा आणि अंगावर गरम तुषार उडायचे. तासाला एकदा ब्लो मारून तक्त्यावर खूण करायची, असा नियम. आम्ही ड्यूटीवर आलो की आठ तासांच्या आठ खुणा एकदमच करून टाकायचो. सगळेच करायचे. हे मी सबब म्हणून सांगत नाही, पुढे त्या खुणांचा उपयोग मी कसा केला ते कळावं म्हणून सांगतो.

खाली काटे आणि वाल्व सांभाळायला बोर्डावर जो माणूस बसायचा त्याला सगळे अंकल म्हणत. अंधेरीच्या पलीकडच्या ख्रिस्ती गावठाणातला, घरी भातशेती, वयानं माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. फोनवर त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "बोल पोरा, वर स्वर्गात काय चाललंय?"

त्या दिवशी बोर्डावरचा पाण्याचा काटा सकाळपासून अडकला होता, त्यामुळे सगळा भरवसा माझ्या काचेवर. आधीच्या पाळीचा माणूस जाता जाता म्हणाला होता, "पाणी जरा वरच ठेवलंय हां." दहाच्या सुमाराला मी बघितलं तर काचेत रेघ नाही. मी ब्लो मारला नाही. का मारला नाही, याचं मोठं कारण असतं तर बरं झालं असतं. नुसता कंटाळा केला. फोन उचलून म्हणालो, "अंकल, रेघ दिसत नाही. पाणी वर गेलंय."

"वर गेलंय?"

"हो, वर."

त्यानं पाण्याचा वाल्व आवळला. टर्बाइन वाचवायला कुणीही तेच केलं असतं.

काच रिकामी होती. थोड्या वेळात खालून आरडाओरडा ऐकू आला. भट्टीच्या झरोक्यातून कुणाला तरी नळ्या लाल झालेल्या दिसल्या होत्या. आग तोडली, बॉयलर बंद केला. माणूस कुणी गेला नाही, पण नळ्या वाकल्या होत्या आणि बॉयलर कित्येक दिवस पडून राहणार होता. संध्याकाळी चाळीत शिरलो तेव्हा शिंपी म्हणाला, "आज पंखा बंद, रेडिओ बंद. भट्टीची वाट लावलीस काय रे?" मी जिन्यातच थांबलो. याला कुणी सांगितलं, असंच मला क्षणभर वाटलं.

चौकशी चौथ्या दिवशी होती. मी तेव्हा टेंपररी होतो आणि कायम होणाऱ्यांची यादी त्याच महिन्यात लागणार होती. बायकोनं माहेरी कळवूनही टाकलं होतं. ते चार दिवस जेवण अर्ध्यावर राहायचं. बायको विचारायची, "भाजी खारट झालीय का?" मी नाही म्हणायचो आणि ताट सरकवायचो. खोटं बोलायचं नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं. त्या निश्चयाचा मला आधारसुद्धा वाटत होता.

साहेबानं तक्ता पुढे ठेवून विचारलं, "बोर्डावर काय सांगितलंस?"

मी म्हणालो, "रेघ दिसत नाही, असं सांगितलं."

आणि थांबलो. खोटं काहीच बोललो नव्हतो. वाक्य अर्धं सांगितलं होतं, एवढंच.

अंकल म्हणाला, "साहेब, मला तर 'वर गेलंय' असं ऐकू आलं."

"ऐकू आलं, की वाटलं?"

अंकलनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मदतीसाठी बघितलं. मी तक्त्याकडे बघत राहिलो. त्याच्यावर दहाच्या ब्लोची खूण होती. साहेबानं तिच्यावर बोट ठेवलं. "यानं तर काच तपासलेली दिसते. तपासून रेघ नाही म्हणाला, म्हणजे पाणी खालीच. बॉयलरजवळ किती वर्षं काढलीत तुम्ही? कान तपासून घ्या."

त्याला बोर्डावरून काढून राखेच्या विभागात पाठवलं. बॉयलरखालची राख पाण्यानं वाहून न्यायची, तिथे कानांची फारशी गरज नसते. मी कायम झालो. कँटीनमध्ये भेटला की तोच मला समजवायचा. "तू बरोबरच सांगितलं होतंस रे. माझेच कान गेले. पण फोनवर जरा मोठ्यानं बोलत जा." आणि मी काही बोललो की पुढे झुकून विचारायचा, "काय म्हणालास?" हे पूर्वी तो कधी विचारत नसे.

अशी बरीच वर्षं गेली. सत्तर साल उलटलं, अंकल रिटायर झाला आणि मी बोर्डावर त्याच्याच खुर्चीत बसू लागलो. काटा नवा आला होता, तरी वरचा फोन चालूच होता. एका दुपारी ड्रमवर आलेल्या नव्या माणसाचा फोन आला, "रेघ दिसत नाही."

"वर गेलंय की खाली?"

"काय ठाऊक! ब्लो मारून सांगतो ना."

त्यानं तो मारला, पाणी थोडं वर होतं, ते सांगितलं. दोन मिनिटांचं काम. चौकशीत मी जेवढंच बोललो असं भासवलं होतं, तेवढंच बोलून हा थांबला नव्हता.

रविवारी मी अंकलच्या गावठाणात गेलो. तो ओट्यावर बसला होता, कानात कापसाचे बोळे. त्याच्या बायकोनं आतून ओरडून सांगितलं, "अहोऽ, कोण आलंय बघा!" ती इतक्या मोठ्यानं बोलली की शेजारची कोंबडी उडाली. मी बसलो आणि सांगून टाकलं. ब्लो मारला नव्हता. खुणा आधीच केल्या होत्या. 'पाणी वर गेलंय' असं मी म्हणालो होतो, दोनदा.

त्यानं एका कानातला बोळा काढला. मग दुसऱ्यातला.

"म्हणजे मी ऐकलं होतं."

"हो."

मी माफी मागायला लागलो तर त्यानं हातानं थांबवलं. "मला नको सांगू. आत जा, तिला सांग. तेल घालघालून तिनं माझ्या कानांचं लोणचं केलंय. आणि मी विचारतोय आपला सगळ्यांना, काय म्हणालात, काय म्हणालात."

मी स्वयंपाकघरात गेलो. ती कोलंबी सोलत होती. तिला बॉयलर, काच, ब्लो यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून मला एवढंच सांगता आलं की त्यांचे कान चांगले होते आणि मी तसं सांगितलं नाही. तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे बघितलं नाही. दाराकडे तोंड करून, आपण घरात रोज बोलतो तेवढ्याच आवाजात ती म्हणाली, "चहा टाकू का?"

"टाक," ओट्यावरून उत्तर आलं.

तिनं एका कपाचं पाणी ठेवलं.