काकांचं रक्त काकूला चाललं नाही

आमच्या घराण्यात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच. पणजोबा बडोदा संस्थानच्या फौजेत होते. पुढचे सगळे मिळेल ते काम करत आले. मी बडोद्यातच रक्तपेढीत तंत्रज्ञ झाले, तेव्हा काका लोकांना सांगायचे, "पोरगी रक्ताच्या बाटल्या धुते."

मग काकूचं गर्भाशयाचं ऑपरेशन ठरलं. अंगावरून जाऊन जाऊन ती पांढरीफटक पडली होती. आधी रक्त चढवल्याशिवाय डॉक्टर हात लावणार नव्हते. काका पाणीगेटच्या घरून दोन्ही मुलांना घेऊन थेट माझ्या काउंटरवर आले, बाही वर करूनच.

"हिला बाहेरचं रक्त नको. आमचा दोघांचा ग्रुप एकच आहे. माझं घे."

"काका, नुसता ग्रुप जुळून भागत नाही. काकूच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्यात."

"म्हणजे रोग?"

"रोग नाही. बाळंतपणात पोराचं थोडं रक्त आईच्या अंगात जातं. त्यात बापाकडून आलेलं काही तिच्यात नसलं, तर तिचं शरीर ते परकं म्हणून लक्षात ठेवतं. पुन्हा तसलं रक्त आलं, की त्याच्या पेशी फोडतं. म्हणून तुमचंच रक्त तिला धोक्याचं. मुलांचंही असू शकतं."

"इतकी वर्षं संसार केला, आणि मी परका? चार बुकं काय शिकलीस..."

"चार नाही, बरीच शिकले."

"जवा दे ने, ताई," धाकटा चुलतभाऊ गुजरातीत पुटपुटला, सोडून दे म्हणून. थोरल्यानं कळवलं असावं, तेवढ्यात बाबांचा फोन. "वडील माणूस आहे, ऐक त्याचं."

"काकूला काही झालं, तर त्या मानाचं काय करू?" म्हटलं आणि फोन ठेवला.

काकांचा नमुना घेतला. त्यातल्या पेशी काकूच्या रक्तातल्या पाण्यात मिसळून, फिरवून नळी त्यांच्यासमोर धरली. कितीही हलवली तरी लाल गुठळ्या फुटेनात. रक्त जुळलं असतं, तर गुठळ्या झाल्याच नसत्या. काकांनी बराच वेळ पाहिलं आणि बाही खाली केली.

मग एकेक पिशवी तपासत बसले. वॉर्डातून घाई चालली होती. मी जुळल्याशिवाय काही सोडलं नाही. शेवटी दोन पिशव्या जुळल्या, कुणा अनोळखी माणसांच्या. त्या चढल्या, काकूला साधी थंडीही वाजली नाही, ऑपरेशन झालं.

काका अजून चारचौघांत सांगतात, "हिनं मला माझ्याच बायकोला परका ठरवलं." सांगू देत. मी माफी मागितलेली नाही, मागणारही नाही. ते सांगत असतात तेव्हा काकू शेजारी बसून ऐकत असते.