माझ्या पानात शिरा वाढला नाही

आज दुपारी नंदनवन वस्तीत साळ्याकडे, म्हणजे बायकोच्या भावाकडे, सत्यनारायण होता. "पंगत बसून राहिली," म्हणजे बसतेच आहे, असं ऐकलं आणि मी आत जाऊन इन्सुलिन घेतलं. घाई केली. पानं वाढली, पण पुऱ्या कमी पडल्या आणि नव्या तळून येईपर्यंत सगळे थांबले. सगळ्यांचं वाढून आणि श्लोक म्हणून झाल्याशिवाय घास घ्यायचा नाही, हे मी लहानपणापासून पाळत आलो आहे.

पाठीला भिंत, दोन्हीकडे पाहुणे. थोड्याच वेळात हात थरथरू लागले, घाम फुटला. साळ्याची बायको शिरा वाढत माझं पान टाळून पुढे गेली.

"सुनंदा, मले दे वं थोडा."

"तुमाले शुगर आहे ना भाऊजी? ताईनं बजावलं आहे मले."

शेजारी बसलेले बायकोचे मामा हसले. "सुई लागते म्हणजे शेवटची पायरी गा. जिभेले आवर आता."

सगळे हसले. मला समजावून सांगायचं होतं, पण शब्द जुळेनात. शेवटी मामांच्या पानातला शिरा उचलला आणि तोंडात टाकला. देवाची मनात क्षमा मागितली.

हात स्थिरावल्यावर बायकोनं हळूच विचारलं, "काहून असं केलं?"

सुई घेतल्यावर जेवण लांबलं, म्हणून साखर उतरली होती, असं सांगितलं. ती म्हणाली, "ते उतरते पण?"

सहा वर्षं ती माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा पिते आहे. पण साखर उतरली की लगेच गोड द्यावं लागतं, एवढी एक गोष्ट मी तिला कधी सांगितलीच नव्हती.

तुम्ही तुमच्या घरी सांगितली आहे का?