बिनमिठाची पोळी

आईची पोळी मास्तरीणबाईंनी माझ्यासमोर कोंबड्यांना टाकली.

फडकं सोडलं, दोन बोटांनी पोळी उचलली, तुकडे केले आणि मागच्या दारातून भिरकावले. त्यांची स्वतःची पोळी आधीच करून ओट्यावर झाकून ठेवलेली होती. फडकं माझ्या हातात दिलं नाही, उंबऱ्यावर ठेवलं. म्हणाल्या, “आईला सांगू नकोस हं. उगाच वाईट वाटेल तिला.”

म्हणजे वाईट वाटतं, हे त्यांना ठाऊक होतं.

मी तेव्हा सोळा वर्षांची. पनवेलच्या आमच्या लहानशा मंडळीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. एक पोळी मोडायची, तिचा तुकडा प्रत्येकानं खायचा, एकाच प्याल्यातून प्यायचं. ती पोळी घरोघरच्या बायका पाळीपाळीनं करायच्या. घरोघरच्या म्हणजे पुढच्या बाकांवरच्या. आम्ही महारवाड्यातून आलेले, मागं चटईवर बसायचो. आमची पाळी कधी आली नव्हती. मग नवे पाळकसाहेब आले. ते महिन्यातून एकदाच, प्रभुभोजनापुरते यायचे, त्यांना इथलं काय ठाऊक. त्यांनी यादी केली आणि तिच्यात सगळ्यांची नावं घातली. आईचं नाव वाचलं तेव्हा ती चटईवर बसल्या बसल्या रडली.

मंडळीचा कारभार मास्तरांकडं. शाळेत शिकवायचे, चर्चच्या शेजारीच राहायचे. पाळीची पोळी आधी त्यांच्या घरी पोचवायची. त्यांच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेताना जानवं काढलं होतं म्हणे. काढलं असेल. पण खुंटीला टांगून ठेवलं असणार, टाकून दिलेलं नाही.

माझ्या बाबानं बाप्तिस्मा घेतला तेव्हा काढायला काही नव्हतंच. होतं तेही गेलं. गावानं काम बंद केलं, भावकीनं तोडलं. बाबा तापानं मेला तेव्हा खांद्याला चौथा माणूस मिळाला नाही. चौथा खांदा आईनं दिला. घरी येऊन म्हणाली, “सोसायचं. प्रभूनं सोसलंन.” मग ती रोडपालीच्या बाजूला खाडीकाठच्या मिठागरावर जायला लागली. दिवसभर डोक्यावर मिठाच्या पाट्या. हातापायांच्या भेगांत मीठ शिरायचं, पण ती हूं की चूं करायची नाही.

त्या पोळीसाठी तिनं रेशनचे गहू बाजूला ठेवले. निवडले, जात्यावर दळले. गरम पाण्यानं तीनदा हात धुतले. ती पीठ मळायला बसली तेव्हा मी मिठाचा डबा पुढं केला.

“नको गो. बिनमिठाचीच करतात. मिशनच्या जुन्या मडमबाईनं शिकवलंन व्हतं.” मग हसली. “आनि मीठ तं माज्या आंगालाच हाय.”

तिला हसताना मी फार कमी वेळा बघितलं आहे.

ती पोळी कोंबड्यांनी खाल्ली. रिकामं फडकं कमरेला खोचून मी चर्चमध्ये आले आणि आईशेजारी बसले. तोंडातून शब्द काढला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

त्या दिवशी मास्तर संकटांवर बोलले. सोनं भट्टीत घातल्याशिवाय उजळत नाही. देव दुःख देतो ते आपल्या भल्यासाठी. चटईकडं बघत म्हणाले, “तुम्हा लोकांनी विशेष धीर धरायला शिकलं पाहिजे.” कोळसा आम्ही व्हायचं आणि उजळायचं पुढच्या बाकांनी, असा तो हिशेब.

मग ताटली आली. आईनं मला कोपरानं ढोसलं. कानात म्हणाली, “माज्या हातची हाय.” तिनं तुकडा तोंडात घेतला, डोळे मिटले. आणि लगेच उघडले.

पोळीत मीठ होतं. मीठ वाहणाऱ्या बाईला मीठ कळणार नाही?

ती चावायची थांबली. माझ्याकडं बघितलं. माझ्या कमरेच्या फडक्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. तिनं तो तुकडा गिळला. कसा गिळला ते तिचं तिला माहीत.

परत जाताना वाटेत एवढंच विचारलं, “कुत्र्याला घातलीन का?”

“कोंबड्यांना.”

“बरं.” पुष्कळ चालल्यावर म्हणाली, “सोसायचं.”

मी सातवी शिकलेली. घरात शास्त्र वाचून दाखवायचं काम माझं. त्या आठवड्यात प्रभूला पकडून नेलं तो भाग आला. मोठ्या याजकापुढं त्याला उभा केला आणि एका शिपायानं त्याच्या थोबाडीत दिली. त्यानं सोसलं, असं सगळे सांगतात. सोसलंच. पण आधी त्यानं विचारलं. माझं काही चुकलं असेल तर दाखव, चुकलं नसेल तर मारतोस का? हात बांधलेले आणि तरी विचारतो आहे. मी ते तीनदा वाचलं. मास्तरांनी हे आम्हाला कधी सांगितलं नव्हतं.

आमची पाळी परत आली तेव्हा पाऊस सरला होता. मास्तरांचा निरोप आला, तुम्ही तसदी घेऊ नका, आम्हीच करू. आई म्हणाली, बरं. मी म्हटलं, नाही.

पोळी मी केली, बिनमिठाची. मास्तरांच्या घरी नेली नाही. उपासना चालू असताना चटईवरून उठले, बाकांच्या मधून सरळ गेले आणि टेबलावर त्यांच्या ताटलीशेजारी ठेवली.

“खाली बस, पोरी,” मास्तर म्हणाले. “ख्रिस्ती माणूस सोसतो.”

मी बसले नाही. बोलले. “प्रभूनं थोबाडीत खाल्लीन तवा विचारलंन, का मारतोस म्हनून. मी पन विचारते. आमच्या पोलीत काय वाईट व्हतं?”

मास्तरीणबाई उठल्या, मुलांना घेऊन बाहेर गेल्या. त्यांच्यामागं पुढचे बाक रिकामे झाले. पाळकसाहेब दोन्ही पोळ्यांकडं बघत राहिले. माझ्या पोळीला त्यांनी नुसता हात लावला असता तरी मला पुरे होतं. त्यांनी दोन्हींवर फडकं टाकलं आणि म्हणाले, “आज प्रभुभोजन होणार नाही.”

बाहेर आल्यावर चटईवरच्या आमच्याच बायका माझ्यावर थुंकायच्या तेवढ्या राहिल्या. आईनं सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत मारली.

“तुज्यामुलं आज कोनालाच मिललं नाय!”

“का मारलंस, आये?” मी तिलाही विचारलं.

तिनं स्वतःच्या हाताकडं बघितलं. भेग उलून रक्त आलं होतं.

दोन वर्षांनी ती गेली. तिच्या हातची पोळी त्या टेबलावर कधी मोडली गेली नाही.

लोक म्हणाले, चर्च सोड. का सोडू? प्रभू काही मास्तरांची मिरास नाही. संकटात धीर धरायचा असतो, तो मी धरते. पण तोंड मिटून बसण्याला मी धीर म्हणत नाही.

त्या रविवारला आज अकरा वर्षं झाली. दर पहिल्या रविवारी मी पोळी करते, त्याच फडक्यात बांधून नेते. चटईवर बसत नाही, पुढच्या बाकावर बसते. माझ्या शेजारची जागा रिकामी राहते. राहू दे. ताटली माझ्यासमोर येते तेव्हा मी हात पुढं करत नाही. फक्त विचारते, “कोनाच्या हातची?” ताटली धरणारा पुढं जातो.

अकरा वर्षं मी प्रभूची पोळी खाल्लेली नाही. मांडीवरची ही पोळी त्या टेबलावर मोडेपर्यंत खाणार नाही. आणि या बाकावरून उठणारही नाही.